मेहरेझला सोसत नाही

प्रेमाने जपलेली गोष्ट खरीच असली पाहिजे, असे माणूस आयुष्यभर धरून चालतो; आणि बहुतेकांच्या आयुष्यात या श्रद्धेची परीक्षा घेण्याची वेळ कधी येत नाही. गेलेल्यांविषयी मौन बाळगणे हा राहिलेल्यांचा विनय मानला जातो. पण त्या मौनाचा भार एखाद्या जिवंत माणसाच्या श्वासावर येऊन पडला, तर ते मोडणाऱ्याने अपराध कोणाचा केला म्हणावा, आणि न मोडणाऱ्याने कोणाचा? हा प्रश्न धर्मज्ञांनी निवांत बसून सोडवावा अशा योग्यतेचा आहे. ट्यूनिस शहरातील एका रुग्णालयाच्या लांबलचक मार्गिकेत, पिवळट टाइल्सवर सकाळचे ऊन पडलेले असताना, तो झकियापुढे येऊन उभा राहिला तो मात्र एका अगदी साध्या चौकशीच्या रूपाने.

"हे झालं तेव्हा ते केवढे होते, लेल्ला झकिया?" डॉक्टर इनासने विचारले.

झकियाच्या ओठांवर उत्तर तयार होते. गेल्या शुक्रवारी धाकट्या भावाला, मेहरेझला, हुडहुडी भरलेल्या अवस्थेत येथे आणले, तेव्हा दारातच, नाव-पत्ता सांगण्याच्याही आधी, तिने आईचे वाक्य उच्चारले होते: मेहरेझला पेनिसिलिन सोसत नाही. त्या वाक्यासरशी त्याच्या मनगटावर इशाऱ्याची एक लाल पट्टी चढली आणि न्यूमोनियावरचे नेहमीचे औषध बाजूला ठेवून दुसरेच नसेतून सुरू झाले. ताप उतरला नाही. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी असलेला पांढरा डाग वर सरकत गेला. आज सकाळी तपासणीतून जंतू सापडला होता आणि तरुण, डोळ्यांखाली काळी वर्तुळे आलेली डॉक्टर इनास तिला बाकावर बसवून शांतपणे समजावीत होती. चालू असलेले औषध या जंतूला शिवतही नव्हते. दुसरे एक होते, पण तापाने आणि उतरलेल्या रक्तदाबाने मेहरेझची मूत्रपिंडे आधीच थकली होती. त्या औषधाने ती बसली असती. आणि एक औषध असे होते की ते या जंतूला सरळ मारून टाकी, जुने, साधे, स्वस्त. ते नेमके पेनिसिलिन. म्हणून विचारते, डॉक्टर म्हणाली होती, अंगावर नुसता पुरळ उठला होता, की आणखी काही?

"चारेक वर्षांचा होता," झकिया सांगू लागली. "घसा धरला होता. आमच्या गल्लीत सुया टोचायला सायकलवरून एक माणूस यायचा, तो टोचून गेला. आई लिंबाच्या झाडाखाली गहू पाखडत होती. मी त्याला मांडीवर घेऊन बसले होते. त्याचे ओठ सुजले. मग मला म्हणाला, झक्कू, माझी जीभ मोठी झालीय गं…"

आणि ती थांबली.

आयुष्यातील उमेदीची वर्षे तिने टेलिफोन खात्याच्या एक्स्चेंजमध्ये, कानांवर ऐकण्याच्या चकत्या चढवून काढली होती. बोलत्या दोघांच्या मधली तार एकाएकी निघाली की कानात जी पोकळी उरते, ती शांतता नसते. कोणीतरी आहे आणि पोचत नाही, असा तो एक दाब असतो. तोच दाब आता तिच्या दोन्ही कानांत भरला. डॉक्टरचे ओठ हलताना दिसत होते. तिला ऐकू येत होता एक बालस्वर, किंचित घोगरा, 'र' नीट न म्हणणारा, आणि ती त्या स्वराचे मुख शोधीत होती. झक्कू. तिला झक्कू म्हणून हाक कोण मारी? मेहरेझने तर तिला जन्मभर लेल्लाच म्हटले, थोरल्या बहिणीला म्हणावे तसे. आणि मेहरेझ चार वर्षांचा असताना बोलतच कोठे होता? त्याच्या उशिरा फुटलेल्या वाचेची कथा तर प्रत्येक लग्नकार्यात सांगितली जाई: आईने दर्ग्याच्या दाराची लोखंडी किल्ली आणवून त्याच्या तोंडात फिरवली, तरी पोरगे ढिम्म, आणि शाळेत जायच्या वेळी एकदम तोंड उघडले ते 'हरिसा चटणी कमी आहे' हे सांगायला. सगळे हसत. आईही हसे. हे हसणे आणि तो घोगरा स्वर एवढी वर्षे तिच्यात शेजारी शेजारी नांदले, आणि दोघांनी एकमेकांना कधी ओळख विचारली नाही. आणि लिंबाचे झाड. लिंबाचे झाड हलफाविन मोहल्ल्यातल्या जुन्या घराच्या चौकात होते. मेहरेझचा जन्म बार्दोच्या घरातला. तिसरा मजला, चौक नाही, कुंडीत वाळलेला पुदिना. बार्दोला घरचे लोक राहायला का गेले, हे तिने कोणाला कधी विचारले होते का?

विचारले नव्हते, आणि का विचारले नव्हते, तेही तिच्यासमोर आता हळूहळू, बुडालेले भांडे पाण्यावर यावे तसे, येऊ लागले. आई खाटेवर बसली आहे, तळहातांना मेंदी आहे, खोलीत नारिंगाच्या फुलांच्या पाण्याचा वास कोंदला आहे. मांडीवर कापडात गुंडाळलेले काहीतरी तांबडे, सुरकुतलेले. आई म्हणते, ये, बघ, मेहरेझ परत आला. आणि सात वर्षांची झकिया जवळ जाते, वाकून त्या मिटल्या ओठांकडे पाहते आणि मनापासून विचारते: त्याची जीभ बरी झाली? तेव्हा आईचा हात उठला होता. मेंदीचा हात गालावर पडला होता. आईने तिला मारले ते तेवढे एकदाच, आणि मारून झाल्यावर आईच रडली. गेलेल्या लेकराचे नाव पुढच्या लेकराला द्यावे, म्हणजे घरातली हाक मोडत नाही, ही तिथली रीत होती. किती घरांत तसे होते. पण आई नाव देऊन थांबली नाही. नावाबरोबर तिने जन्माचे सारे सामान दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवले: पहिल्याचा पाळणा, पहिल्याचे ताईत, आणि पहिल्याच्या मृत्यूचे भयही. मेहरेझला पेनिसिलिन सोसत नाही. ती खोटे बोलत नव्हती. तिच्या लेखी मेहरेझ एकच होता. आणि झकियाने, गालावरची ती लाल बोटे मिटावीत म्हणून, दोघांना एक करून टाकले. प्रश्न मिटला, गाल मिटला, पोरगा मिटला. मुलीच्या मनाला किती थोडा वेळ लागतो, आणि ते उलगडायला किती!

"लेल्ला? बरं वाटत नाही का? पाणी देऊ?" डॉक्टरचा आवाज आता दुरून, पण येत होता.

"तो हा नव्हता," झकिया म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "ज्याचं झालं तो हा नव्हता. तो गेला. तो त्याच दिवशी गेला."

एवढे बोलून झाल्यावर तिला जे वाटले त्याला दुःख म्हणता आले नसते. ओळखीच्या जिन्यावर एक पायरी कमी निघावी आणि पाऊल पोकळीत पडावे, तसे तिला झाले. साठ वर्षे जो जिवंत आहे असे समजून ती चालली होती, तो भाऊ या क्षणी, या बाकावर, नुकताच गेला होता. आणि त्याच्यासाठी रडावे, तर आत दुसरा धापा टाकीत होता.

तेवढ्यात मेहरेझची पत्नी सलूहा एका हातात कॉफीचे पेले आणि दुसऱ्यात झाकण बांधलेले सुपाचे भांडे सांभाळीत आली. सलूहा अंगाने भरलेली, जिभेने तिखट; नवऱ्याच्या आजारपणातही तिची जीभ आडवी झाली नव्हती, किंबहुना तिच्याच आधाराने ती उभी होती.

"काय हो लेल्ला, तोंड असं का? डॉक्टरीणबाईंनी भूतबित दाखवलं की काय?" नणंदेच्या चेहऱ्याकडे नीट पाहताच पेले मात्र तिने बाकावर ठेवले. "काय झालं? सांगा मला. आत काही झालं का?"

झकियाने सांगितले. सांगताना तिला जाणवत होते की ती एकेक वाक्य कुणा मृताच्या अंगावरून पांघरूण ओढावे तसे ओढीत आहे. सलूहा ऐकत राहिली, आणि मग तिचा चेहरा लालबुंद झाला.

"म्हणजे मी काय समजायचं? हे दात उपटायला गेले, तरी त्यांच्या आधी मी खुर्चीपाशी ओरडत उभी: पेनिसिलिन नको हो, पेनिसिलिन नको! औषधाच्या दुकानातला पोरगा मला बघून हसतो, आल्या पेनिसिलिनबाई म्हणतो. आणि आता तुम्ही सांगता की ते दुखणं दुसऱ्याच कुणाचं? माझ्या सासूबाईंनी मला लग्नात बांगड्यांआधी ही ताकीद दिली होती!"

"तिने मुद्दाम नाही केलं, सलूहा."

"मुद्दाम कुणीच काही करत नाही तुमच्या घरात. सगळं आपोआप होतं." मग तिचा स्वर एकाएकी खाली आला, आणि तो अधिक भयंकर होता. "आणि तुमची आठवण चुकत असली तर? सांगा ना. काल तुम्ही चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधलात. त्या आठवणीवर मी माझा माणूस टाकू? हे औषध सोसलं नाही, म्हणजे काय होतं, ते तुम्ही पाहिलंय. मी नाही पाहिलं. मला पाहायचं नाही."

झकियाही स्वतःला हेच विचारीत होती. ज्या मनाने साठ वर्षे दोन भावांचा एक केला, त्याच मनाने आज एकाचे दोन केले नसतील कशावरून? मन तेच, आंधळे झालेले, आणि आता अचानक डोळस असल्याचा आव आणणारे. पण तो स्वर होता. माणसाचा चेहरा तिला फसवी. स्वराने तिला कधी फसवले नव्हते. तो घोगरा स्वर आत धापा टाकणाऱ्या माणसाचा नव्हता, कोणत्याही वयात नव्हता.

"मावशी," डॉक्टर सलूहाला म्हणाली, आणि या तरुण मुलीने अशी हाक मारताच सलूहाचे खांदे थोडे उतरले, "नुसत्या आठवणीवर मीही काही टाकणार नाही. भावाला झालं म्हणून भावाला होतंच असं नसतं. आधी कातडीवर थेंबभर टोचून बघू. मग अगदी थोडं आत देऊ. मग अर्धं. प्रत्येक वेळी थांबू. उताऱ्याची सुई भरून माझ्या हातात असेल, मी खाटेपासून हलणार नाही. पण पहिल्या मेहरेझची गोष्ट खरी मानली, तर ती बंदी या मेहरेझवर मुळात नव्हतीच. आणि न देता थांबलो, तर…" तिने वाक्य पुरे केले नाही. "ते शुद्धीवर आहेत. त्यांना विचारावं लागेल. त्याआधी सांगावं लागेल."

"सांगणार कोण?" सलूहाने विचारले, आणि विचारता विचारताच नणंदेकडे पाहिले. डॉक्टरनेही पाहिले.

मेहरेझ उशांना टेकून बसला होता. आडवे झाले की त्याला श्वास पुरत नसे. त्याचे हात पांघरुणावर पडले होते. शेशिया नावाच्या लाल टोप्या बनवणाऱ्याचे हात, शेशियावाल्यांच्या बाजारात बापाच्या गादीवर बसून काटेरी बोंडांनी लोकर पिंजून पिंजून ज्यांच्या नखांच्या मुळांशी तांबडा रंग कायमचा जिरला होता. मनगटावरील पट्टीचा लाल रंग त्याच जातीचा. झकियाला वाटले, त्याच्या अंगावर तो इतकी वर्षे आधीपासूनच होता, या लोकांनी केवळ बक्कल लावले. ती खाटेच्या कडेला बसली. कोठून आरंभ करावा? तुझ्या आधी एक तू होतास, असे कसे म्हणावे? माणसाच्या पोटी दुखणे असेल तर वैद्य ते काढतो. माणसाच्या नावाखाली दुसरा झोपलेला असेल, तर त्याला कसे उठवावे?

"मेहरेझ," ती म्हणाली, "आपल्या हलफाविनच्या घरात एक मेहरेझ होता. तू यायच्या आधी. सुई त्याला सोसली नाही. तुला नव्हे. मी विसरले होते. मला आत्ता आठवलं."

तो तिच्याकडे पाहत राहिला. प्राणवायूच्या नळीतून बारीक शीळ येत होती. त्या दृष्टीपुढे झकियाला आईचा मेंदीचा हात पुन्हा उठलेला दिसला, आणि या वेळी तिने गाल मागे घेतला नाही.

"म्हणजे," मेहरेझ म्हणाला, आणि शब्दाशब्दाला थांबत त्याने वाक्य बांधले, "एवढी वर्षं… मी दुसऱ्याच्या मापाची टोपी… घालून हिंडतोय? आणि बाजारात… लोकांची मापं घेतोय." तो हसला, हसण्याचा खोकला झाला, खोकल्यात बरगडी धरली गेली आणि सलूहा धावली. "बोलू नका. तुमचा विनोद ऐकून जंतू मरायचे नाहीत," ती म्हणाली, आणि एकाच पदराने त्याचे तोंड आणि आपले डोळे तिने पुसले.

श्वास परत मिळाल्यावर त्याने छताकडे पाहिले. "आई मला दोन अंडी उकडून द्यायची," तो म्हणाला. "कायम दोन. म्हणायची, एक तुझं, एक मेहरेझचं. मला वाटायचं, लाडाने म्हणते. मी दोन्ही खायचो." आणि मग, अगदी हळू: "त्याचं पण खाल्लं मी, लेल्ला."

झकियाने त्याच्या रंगलेल्या नखांवर आपली बोटे ठेवली. म्हणजे आईला ठाऊक होते. दोन अंड्यांएवढे ठाऊक होते. रोज सकाळी, पाणी उकळताना, तेवढा वेळ त्या बाईने दोघांना वेगळे ठेवले होते, आणि कोणालाही कळू न देता एकाच्या मुखाने दोघांना जेवू घातले होते.

"द्या ते औषध," मेहरेझ डॉक्टरला म्हणाला. "माझं आहे, तर मला द्या."

मग ती सावकाश चाललेली वेळ आली. कातडीवर एक बारीक टोचणे. सर्वांनी त्या जागेकडे असे पाहिले की जणू तेथून कोणी बाहेर येणार आहे. कोणी आले नाही. मग थेंबभर औषध नसेत. डॉक्टर इनास एका हाताने नाडी धरून आणि दुसऱ्यात उताऱ्याची सुई घेऊन उभी होती. "त्यांना थोडं थोडं बोलतं ठेवा," ती झकियाला म्हणाली. "आवाज जाड झाला, जीभ अडखळली, तर लगेच सांगा." झकियाने डोळे मिटले. तिला डोळ्यांचे काम नव्हते. "टोपी कशी करतात ते सांग," ती म्हणाली, आणि मेहरेझ थांबत थांबत, मुलाला धडा द्यावा तसा सांगू लागला: आधी बायका पांढऱ्या लोकरीची विणतात, माणसाच्या डोक्याच्या दुप्पट; मग गरम पाण्यात, साबणात मळायची, आकसते; मग बोंडांनी पिंजायची, लव येईपर्यंत; मग रंग. झकिया प्रत्येक अक्षराच्या कडा तपासत होती. 'र' नीट पडत होता. ओठांवर ओठ नीट मिटत होते. तिच्या मिटल्या डोळ्यांपुढे लिंबाचे झाड उभे होते, आई गहू पाखडीत होती, आणि मांडीवरील भार तिला स्पष्ट जाणवत होता. औषधाचा दुसरा भाग गेला. रंग दिल्यावर, मेहरेझ म्हणत होता, मग ती लाकडी साच्यावर चढवायची. साच्यावर रात्रभर… साच्यावर…

आवाज थांबला.

तार निघाली. दोन्ही कानांत तोच दाब. झकियाने डोळे उघडले नाहीत. उघडले तर काय दिसेल, ते तिने पाहिलेले होते. तिने केवळ तोंड उघडले आणि तिच्या तोंडून हाक आली ती सहा वर्षांच्या मुलीची, उंच, फाटलेली: "मेहरेझ!"

"शू," डॉक्टर म्हणाली. "झोपले. नुसते झोपलेत, लेल्ला. छाती बघा. किती दिवसांनी अशी झोप लागली असेल." आणि खरोखरच तो बारीक घोरत होता, ओठ कोरडे, पातळ, आपल्या ठिकाणी. सलूहा खाटेच्या पायथ्याशी मटकन बसली आणि तिने नवऱ्याची पावले उराशी धरली. "इतकी वर्षं तुमच्या घोरण्याला शिव्या घातल्या," ती म्हणाली, "परत घेते सगळ्या. घोरा हो, घोरा."

औषधाचा पूर्ण भाग नसेत उतरत होता. ताप अजून होता. डाग अजून जागच्या जागी होता. डॉक्टरनेही कोणता शब्द दिला नाही, उद्या परवा कळेल एवढेच ती म्हणाली. मग एक परिचारिका कात्री घेऊन आली, तिने मेहरेझचे मनगट अलगद उचलले आणि ती लाल पट्टी कापली. पट्टीखालची कातडी फिकट, ओलसर, लहान मुलाच्या कातडीसारखी होती. तिने तो तुकडा टाकण्यासाठी मुठीत घेतला.

"टाकू नको पोरी," झकियाने हात पुढे केला. "ज्याचं आहे त्याला नेऊन देते."

शुक्रवारी ती जल्लाझच्या दफनभूमीत जाणार होती. आईची कबर तिला ठाऊक होती. आईच्या कुशीला लागून एक बुटका, नाव नसलेला उंचवटा होता, आणि पक्ष्यांसाठी त्यावरील खळग्यात पाणी ओतताना तो कोणाचा, असे तिने आजवर कधी स्वतःला विचारले नव्हते. आता पाणी ओतताना नाव घ्यायचे होते. पट्टी तिने बोटाभोवती गुंडाळली. मार्गिकेतील ऊन सरकत खाटेपर्यंत आले होते. ती दोन्ही तळवे उघडे करून, ओठांतल्या ओठांत म्हणाली: परमेश्वरा, जो लिंबाखाली झोपला त्याला त्याचे नाव परत मिळो, जो येथे झोपला आहे त्याला त्याचा श्वास पुरो, ज्या हातांनी आज टोचले ते हात सुखी राहोत, आणि जिने दोघांना एका ताटात जेवू घातले, तिची मेंदी कधी न विटो.